नुसती खेळली म्हणे!

मंडळी, आज जरा भांडायचे आहे.

माझा एक भाचा त्याच्या मुलीच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे. परवा त्याने घरच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला. गेल्या वर्षी पाचवी ते सातवीची १८० मुले सहलीला विज्ञान केंद्रात नेली, दीड तास दिला, आणि मुले तिथे "नुसती खेळली". यंदा संघापुढे दोन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक मुलाच्या हातात साठ रिकाम्या जागांचा कागद द्यावा, म्हणजे मुले लक्ष देऊन माहिती वाचतील. दुसरी, विज्ञान केंद्र रद्द करून वॉटर पार्कला न्यावे, तेवढ्याच पैशात मुले खूश. "घरच्यांचे मत काय?" खाली आठ अंगठे. कोणी पहिल्या सूचनेला, कोणी दुसऱ्या. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा!

अंगठा दाखवून मत देणे मला जमत नाही. म्हणून इथे लिहिते आहे, आणि दुवा गटावर टाकणार आहे. राग येणाऱ्यांनी यावा.

तर पहिली गोष्ट. मुले विज्ञान केंद्रात खेळली ही तक्रार म्हणजे मुले पोहण्याच्या तलावात भिजली अशी तक्रार आहे. ती जागा त्यासाठीच बांधलेली असते. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. ज्याने अशी जागा घडवली त्या माणसाची गोष्ट थोडी सांगते, कारण आपल्याकडे ती फारशी कोणाला ठाऊक नसते.

अणुबॉम्बमुळे रॉबर्ट ओपेनहायमर सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यावरचा सिनेमा २०२३ साली आला तेव्हा आमच्या गटावरही बरीच चर्चा झाली होती. त्याचा धाकटा भाऊ फ्रँक, तोही भौतिकशास्त्रज्ञ. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षात होता, म्हणून १९४९ साली त्याला विद्यापीठातली नोकरी सोडावी लागली. मग दहाएक वर्षे कोलोरॅडोत गुरे पाळली, आणि नंतर तिथल्या छोट्या गावातल्या हायस्कुलात शास्त्र शिकवले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण गावातल्या पोरांना घेऊन उकिरड्यावर जायचा आणि मोडक्या गाड्यांचे भाग गोळा करून त्यावर शिकवायचा. पुढे १९६९ साली त्याने सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' सुरू केले. तिथे काचेच्या पेट्या नव्हत्या. वस्तू उघड्यावर, हात लावायला. त्या जिथे बनतात आणि दुरुस्त होतात तो कारखानाही लोकांना दिसेल असा ठेवला. समजावून सांगायला हायस्कुलातली मुलेमुली, त्यांना त्याचे पैसे मिळत. आणि आपल्या वस्तू कशा बनवायच्या याची कृती त्याने पाककृतीच्या पुस्तकासारखी छापून टाकली, ज्याला हवे त्याने बनवावे. आज जगभरच्या विज्ञान केंद्रांत जे प्रयोग दिसतात त्यांतले कितीतरी त्या पुस्तकातून निघालेले आहेत.

आपल्याकडेही हे काही काल-परवाचे नाही. कोलकात्याचे बिर्ला संग्रहालय १९५९ चे. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राची सुरुवात १९७७ साली प्रकाश आणि दृष्टी या विषयावरच्या प्रदर्शनाने झाली. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होते, त्या वर्षी तिथली विज्ञानाची बाग मुलांना खुली झाली, आणि १९८५ च्या नोव्हेंबरात पूर्ण केंद्र. म्हणजे हात लावून बघायची सोय मुंबईत चाळीस वर्षांहून जास्त काळ आहे. आणि आपण शाळावाले तिथे काय करतो? दर्शनाला जातो!

मी नोकरीत होते तेव्हाची मुंबईची सहल आठवा. ज्यांनी अशा सहली नेल्या ते हसतील. पहाटे एसटी पोचायची. राणीची बाग, म्हातारीचा बूट, तेव्हाचे तारापोरवाला मत्स्यालय, गेटवे, आणि मधे कुठेतरी विज्ञान केंद्र. दोन-दोनची रांग, पुढे एक शिक्षक, मागे एक शिक्षक, गळ्यात शिट्टी. पंढरपूरला गर्दीच्या दिवशी बडवे डोके टेकवून पुढे ढकलत तसे मुलाने एका वस्तूला हात लावला की त्याला पुढे ढकलायचे. वरळीच्या केंद्रात पाचशेच्या वर वस्तू आहेत. दीड तासात सगळ्या 'कव्हर' करायच्या तर एकेकीला अकरा सेकंदही येत नाहीत. अकरा सेकंदांत काय होईल? मूल खटका ओढेल, काहीतरी हलेल, ते "हे!" म्हणून ओरडेल आणि पुढच्या खटक्याकडे पळेल. मग आपण म्हणायचे, नुसती खेळली. अहो, खेळू तरी कुठे दिलेत?

खेळ म्हणजे काय ते मी एकदा पाहिले आहे. साताऱ्याकडच्या एका गावातल्या शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवत असे. माझे बी.ए. मराठी माध्यमातले, शास्त्राशी माझा संबंध स्टाफरूममध्ये शास्त्राच्या सरांशेजारी बसण्यापुरता. त्यामुळे सहलीत माझे काम डबे आणि चपला सांभाळण्याचे. एका वर्षी विज्ञानाच्या बागेत झोपाळे होते, शेजारी शेजारी, सारख्याच लांबीच्या साखळ्यांचे. फलकावर लिहिले होते की झोक्याला लागणारा वेळ बसणाऱ्याच्या वजनावर ठरत नाही. सातवीच्या दोन मुली, एक चांगली गुटगुटीत आणि एक काडी, दोघी बसल्या आणि एकदम सोडल्या. खरेच, दोघी बरोबरीने पुढे मागे. टाळ्या झाल्या. इथे अकरा सेकंद संपले, फलक पाठ झाला, काम झाले.

पण त्या काडीला उतरायचे नव्हते. ती झोपाळ्यावर उभी राहिली. परत दोघींना एकदम सोडले, कोणी जोर काढायचा नाही असे ठरवून. आणि उभी असलेली पुढे गेली! आठ-दहा झोक्यांत दोघींची गत पार मोडली. पुन्हा केले, पुन्हा तेच. मग गुटगुटीत उभी राहिली आणि काडी बसली, तर आता गुटगुटीत पुढे. भोवती पंधराएक मुले जमली. कोणी मोठ्याने आकडे मोजते आहे, कोणी म्हणते तू पाय हलवलास. शास्त्राचे सर म्हणाले, "साखळी तेवढीच आहे ना? मग वेळही तेवढाच." मुली म्हणाल्या, "सर, तुम्ही मोजा." सरांनी घड्याळ बघितले, पण ते एसटीची वेळ बघायला. शिट्टी झाली.

आता पुढचे ऐका. परतीच्या प्रवासात कऱ्हाडच्या अलीकडे ती काडी माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, माणूस उभा राहिला की त्याचं वजन वर जातं. म्हणजे साखळी आखूड झाल्यासारखंच की."

मला त्यातले काहीच कळत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला आम्ही वर्गाच्या तुळईला सुतळीने दगड टांगला. तोच दगड सुतळीच्या अर्ध्यावर बांधला तर झोके भरभर. एक मीटर सुतळीला एक पूर्ण झोका, म्हणजे जाऊन येऊन, दोन सेकंदांचा. पाव मीटरला एकाचा. दगड मोठा घ्या, लहान घ्या, काही फरक नाही. पण दगडाचा मध्य वर गेला की झोका लवकर. पोरीचे बरोबर होते. फलकही बरोबर होता, पण फलकात उभ्या माणसाचा उल्लेखच नव्हता. तो तिने स्वतः शोधला, वीस मिनिटांत, झोपाळ्यावर खेळता खेळता. बाकीच्या सगळ्या बागेत तिने काय पाहिले म्हणून विचाराल तर काही नाही. एवढेच.

आता तिच्या हातात साठ रिकाम्या जागांचा कागद दिला असता तर? मी असे कागद घेतलेली मुलेही पाहिली आहेत. ती वस्तूकडे जातच नाहीत. फलकाकडे धावतात. फलक वाचायचा, "झोक्याचा वेळ ___ वर अवलंबून नसतो", वजन, लिहिले, पुढे. पाठ वस्तूकडे आणि तोंड फलकाकडे! हुशार मुले एकच कागद भरतात आणि बसमध्ये बाकीचे त्यावरून उतरवून घेतात. परत आल्यावर कागद तपासून वर्गशिक्षिका लाल शाईने 'छान' लिहितात आणि अहवालात 'शैक्षणिक सहल यशस्वी' असे येते. माहिती लिहून आणायची असेल तर बस कशाला करता? शाळेच्या ग्रंथालयात बसवा, डिझेल वाचेल.

मला वाटते आमच्या रागाचे मूळ जुने आहे आणि ते भाषेतच दिसते. भाषेची शिक्षिका म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. हाताने काहीतरी करून बघणाऱ्या मुलासाठी आपल्याकडे शब्द कोणते? चाळे. नसते उद्योग. उपद्व्याप. कारभार. मोडतोड. खुडबूड हा त्यातल्या त्यात मायेचा. 'हाताळणे' हा चांगला शब्द, पण भाजीवालीकडे आपण 'हाताळलेला' टोमॅटो परत ठेवतो. शांत बसणाऱ्या मुलासाठी मात्र 'गुणी'. ज्या घरात "हात लावू नकोस" हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकू येते त्या घरातले मूल विज्ञान केंद्रात सोडले की पहिला अर्धा तास सुटलेल्या वासरासारखे धावणारच. ते धावणे संपू द्या ना! खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच तुमची शिट्टी वाजते.

भाच्याचे आणखी एक म्हणणे आहे. "मावशी, आजकाल सगळं यूट्यूबवर आहे." आहे बाबा. मीही बघते, हा ब्लॉग लिहायला मी तिथेच शिकले. पण एक गोष्ट सांग. कप्पीचा झोपाळा असतो, ज्यात मूल पाटावर बसते आणि वरच्या कप्पीवरून आलेला दोर ओढून स्वतःलाच वर उचलते. पोर तीस किलोचे असले तर त्याला पंधरा किलोच्या आसपासच जोर लावावा लागतो, कारण अर्धे वजन पाट पेलतो आणि अर्धे हातातला दोर. तोच दोर खाली जमिनीवर उभ्या मित्राच्या हातात दिला तर त्याला मात्र पुरते तीस किलो ओढावे लागतात. कप्पी तीच, दोर तोच, मूल तेच! हे वाचून तुला पटले का? मला वाचून पटले नव्हते. तळहाताला दोराचा काच बसला की पटते. आणि यूट्यूबवरचा प्रयोग कधी फसत नाही, कारण फसलेला कापून टाकलेला असतो. खऱ्या प्रयोगात दोर निसटतो, चेंडू पडतो, दोघे मिळून केले तर जमते, आणि जमेपर्यंत मुलाला तिथून हलावेसे वाटत नाही.

केंद्र चालवणारेही सगळे साधुसंत नाहीत हेही सांगून टाकते. काही ठिकाणी (नाव घेत नाही) प्रत्येक तिसऱ्या वस्तूवर 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी असते आणि पाटीवरच धूळ असते. काही ठिकाणी हाताने करायचे म्हणजे फक्त बटन दाबायचे. बटन दाबले, दिवे लागले, आवाजातली बाई बोलू लागली. याला खेळ म्हणत नाहीत, याला लिफ्ट म्हणतात. आता त्या जागी पडदे येत आहेत, बोट फिरवायचे. ज्या वस्तूत मुलाने वेगळे काही केले तर वेगळे काही घडत नाही, ती वस्तू कितीही महाग असो, मी तिला विज्ञान केंद्रातली वस्तू मानत नाही. त्या मुलीला झोपाळ्यावर उभे राहता आले, तिथे सगळी मेख आहे. सुरक्षेच्या नावाखाली आज तिथे 'उभे राहू नये' अशी पाटी लागली असेल, अशी मला दाट शंका आहे!

आणि मोठे महाग केंद्र नसले तर अडते का? नाही, याचा पुरावा आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा गावठी शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो हजारावर शाळांत गेला. त्यांच्या परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायची मुभा असे, कारण पाठांतर विचारायचेच नव्हते. २००२ साली तिथल्या सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका निर्णयाने बंद पडते, म्हणून मला वॉटर पार्कच्या सूचनेत गंमत वाटत नाही. चांगली गोष्ट बंद करायला आठ अंगठे पुरतात.

त्याच होशंगाबादेत पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण इंजिनियर १९७८ साली गेला होता, अरविंद गुप्ता. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांच्यापासून त्यांनी चौकोन, त्रिकोण, घरे, मनोरे बनवले. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन लगेच तिरका होतो, म्हणून पुलांना आणि कैच्यांना त्रिकोण. पुढे २००३ ते २०१४ या काळात ते पुण्याला आयुकात होते, 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' या मुलांच्या केंद्रात. ती इमारत पु. ल. देशपांड्यांच्या नावाने मिळालेल्या देणगीतून उभी राहिली, आणि नाव काय ठेवले, तर 'पुलस्त्य'! सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात पु.ल.ही आले. (आणि 'शोधिका' हा शब्द किती गोड. 'एक्स्प्लोरेटोरियम' म्हणताना माझी कवळी हलते.) तिथली खेळणी कचऱ्यातून बनत आणि मुले ती बनवून घरी नेत. उकिरड्यावर पोरांना नेणारा तो फ्रँक आणि हे गुप्ता एकाच जातकुळीचे.

म्हणून भाच्या, तुझ्या संघाला माझे म्हणणे असे सांग. १८० मुले एका दिवशी नेऊ नका, साठ-साठची तीन खेपांत न्या. बस तेवढ्याच लागतील, फक्त तारखा वेगळ्या. दीड तासाऐवजी पूर्ण दिवस द्या आणि त्या दिवशी दुसरे काही 'स्थळ' ठेवू नका. पहिला अर्धा तास पोरांना मोकळे सोडा, धावून घेऊ देत. मग चौघाचौघांचे गट करून सांगा, तुम्हाला आवडलेल्या दोनच वस्तू निवडा आणि जेवणापर्यंत तिथेच राहा. कागद द्यायचाच असेल तर कोरा द्या, चित्र काढायला. शिक्षकांनी आधी एकदा स्वतः जाऊन खेळून यावे, मोठ्या माणसांना लाज वाटते ती त्या दिवशी घालवावी. शिट्टी शाळेत ठेवा. आणि परत आल्यावर आठवडाभरात वर्गात सुतळी-दगडासारखे काहीतरी एक बनवा, नाहीतर गेलेली बस नुसती फिरून आली. "हे सगळं कोण करणार? वेळ कुणाला आहे?" असे कोणी म्हणेल. निबंध स्पर्धा, स्नेहसंमेलन, सूर्यनमस्काराचा विक्रम, सगळ्याला वेळ असतो. मी नोकरी केली आहे, मला सांगू नका.

आणि वॉटर पार्कला जरूर न्या. मुलांना पाण्यात मजा येते, मलाही आली असती. फक्त त्याच्या पावतीवर 'शैक्षणिक' लिहू नका.

शेवटी त्या आठ अंगठेवाल्यांना घरबसल्या एक काम देते. सरबताची एक नळी घ्या. प्लास्टिकच्या नळ्यांवर २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा कागदी घ्या, भिजायच्या आत उरकायचे. एक टोक बोटांनी चपटे दाबा आणि दोन्ही बाजूंनी तिरके कापून चोचीसारखे करा. कोकणातल्या मंडळींना नारळाच्या पातीची पिपाणी आठवेल. चोच ओठांच्या जरा आत घ्या, दात लावू नका, आणि जोरात फुंका. पहिल्या दहा-बारा वेळा नुसती हवा येईल आणि घरातले हसतील. आवाज लागला की फुंकता फुंकताच दुसऱ्या हाताने कात्रीने पुढचे टोक थोडे थोडे कापत जा. सूर चढत जाईल. का चढतो ते खाली प्रतिक्रियांत लिहा, यूट्यूब न बघता.